गोत्र वेगळे, रक्त एकच

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत दक्षिणेला उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बंगळुरू आणि वेल्लोर ओलांडून चेन्नईकडे जातो. चेन्नई चाळीसेक किलोमीटरवर राहिली की श्रीपेरुंबुदूर लागते. वैष्णवांसाठी ते रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. आता भोवती मोटारी आणि मोबाइल बनवणाऱ्या कारखान्यांचा मोठा पट्टा आहे. मराठी घराघरांत मात्र हे नाव पोहोचले ते २१ मे १९९१ च्या रात्री, राजीव गांधी यांची तिथे आत्मघाती स्फोटात हत्या झाली तेव्हा. त्या स्फोटाच्या तपासात डीएनएच्या ठशांचा वापर झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत लालजी सिंग यांनी हे तंत्र भारतात उभे केले होते, आणि त्या वेळी ते नवेच होते. डीएनए हा शब्द सर्वसामान्य भारतीयांच्या कानावर पडू लागला तो अशाच काही खटल्यांमधून.

पुढे लालजी सिंग आणि त्यांचे सहकारी कुमारस्वामी थंगराज यांनी तोच डीएनए एका वेगळ्या प्रश्नासाठी वाचला. हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्यासोबत त्यांनी २००९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय समाजांचा जनुकीय इतिहास मांडला. त्यातला एक निष्कर्ष आपल्या प्रत्येक लग्नघराशी संबंधित आहे. भारतातले अनेक समाज शेकडो वर्षे आपापसातच सोयरिकी करत आल्याने मूठभर पूर्वजांची जनुके त्यांच्यात पुन्हा पुन्हा फिरत राहिली आहेत, आणि म्हणून काही विशिष्ट आनुवंशिक आजार या समाजांत जास्त आढळण्याची शक्यता आहे. थंगराज आणि राइश यांच्या गटाने २०१७ मध्ये आणखी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या २६३ समाजगटांपैकी ८१ गटांत हा परिणाम फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र निघाला. आनुवंशिक आजारांच्या पाठ्यपुस्तकांत याच दोन लोकसमूहांची उदाहरणे नेहमी दिली जातात. त्या ८१ गटांतल्या चौदांची लोकसंख्या तर दहा लाखांहून अधिक आहे. समाज मोठा असला म्हणजे धोका नाही, ही समजूत इथेच कोलमडते.

लग्न ठरवताना आपल्याकडे पत्रिका पाहतात, गोत्र पाहतात, काही घरांत देवक पाहतात. ज्या तपासणीने खरोखर काही कळेल, ती मात्र कोणी करत नाही.

आनुवंशिक आजार मुलापर्यंत पोहोचतात त्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना प्रभावी आणि अप्रभावी म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. देवघरातल्या समईच्या दोन वाती डोळ्यांसमोर आणाव्यात. एक वात विझली तरी दुसरीच्या उजेडात काम भागते. दोन्ही विझल्या तरच अंधार होतो. अप्रभावी आजार असे असतात. एक प्रत निकामी असलेला माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो, त्याला वाहक म्हणतात. पण एक वात काजळी धरून धूर ओकू लागली, तर दुसरी कितीही स्वच्छ जळत असली तरी भिंत काळी होतेच. बरेचसे प्रभावी आजार या जातीचे असतात, एकच बिघडलेली प्रत त्यांना पुरते.

मेंडेलने वाटाण्यावरच्या प्रयोगांतून हे नियम १८६६ मध्ये छापले आणि जग ते १९०० पर्यंत विसरून गेले. नियम पुन्हा उजेडात आल्यावर दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरांनी ते माणसाच्या आजाराला लावून दाखवले. आजार होता अल्काप्टोन्युरिया. यात लघवी हवेत राहिली की काळी पडते, म्हणून तान्ह्या बाळाच्या लंगोटावरचे डाग पाहून आई घाबरते. चाळिशीच्या आसपास पाठीचा कणा आणि सांधे झिजून आखडू लागतात. गॅरड यांना एक गोष्ट खटकली. अशा मुलांचे आईवडील पुष्कळदा एकमेकांची सख्खी चुलत-मावस भावंडे असत, आणि त्यांना स्वतःला काहीही झालेले नसे. माणसातला पहिला अप्रभावी आजार असा नात्यातल्या लग्नांच्या मागावरून सापडला.

जगात हा आजार फार विरळ आहे. पण तमिळनाडूत नरिकुरवर नावाचा एक छोटा समाज आहे. पूर्वी शिकारीवर जगणारे हे लोक आता मणी-माळा करतात आणि जत्रांत, देवळांपाशी विकतात. त्यांची वाग्री बोली तमिळपेक्षा गुजराती-मराठीच्या कुळाला जवळची आहे. २०१४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की या समाजात अल्काप्टोन्युरिया मोठ्या प्रमाणात आढळतो आणि त्यामागे एकच जुना बदल आहे. फार पूर्वीच्या कोणा एका पूर्वजाच्या जनुकात झालेली ती चूक होती. समाज लहान राहिला, लग्ने आतल्या आत होत राहिली, आणि मग ती चूक दोन्ही बाजूंनी येऊन एकाच मुलात भेटू लागली. यात नरिकुरवरांचा दोष काहीही नाही. उलट गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला बाहेर सोयरीक मिळतेच कुठे? ज्यांनी त्यांना दूर ठेवले, त्यांचाही या आजारात वाटा आहे, असे म्हणणे भाग आहे.

आता श्रीपेरुंबुदूरच्या परिसरातल्या लग्नांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार तमिळनाडूतल्या सुमारे २८ टक्के विवाहित स्त्रियांचे लग्न रक्ताच्या नात्यात झालेले आहे. कर्नाटकात हे प्रमाण २७ टक्के आहे, देशभराचे ११ टक्के. तमिळ घरांत मामेबहीण-आतेभाऊ हे लग्न तर चालतेच, मामा-भाचीचेही चालते. मराठी माणसाने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. आत्याने भावाची मुलगी सून करून आणावी ही रीत आपल्याकडेही जुनी आहे, आणि सीमेलगतच्या काही समाजांत मामा-भाचीची लग्ने आजही होतात. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात देशाचे नातेसंबंधांनुसार विभाग पाडले. उत्तरेत नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचे, आणि महाराष्ट्र दोहोंच्या मधला, असे ते चित्र होते. मुंबईच्या एल. डी. संघवी आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शहरातल्या बारा समाजांतली नात्यातली लग्ने मोजून दाखवली होती. म्हणजे या प्रश्नाचा शास्त्रीय विचार मराठी मुलखात सत्तर वर्षांपूर्वीच सुरू झालेला आहे. लग्नाच्या बैठकीपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

कायदाही इथे रीतीपुढे नमतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मामा-भाची आणि भाऊ-बहिणीची मुले यांचे लग्न मनाई असलेल्या नात्यांत टाकले, आणि लगेच पुढे म्हटले, की दोन्ही पक्षांची तशी रूढी असेल तर ते चालेल.

गोत्राचे तर्कशास्त्र इथे नीट तपासले पाहिजे. गोत्र फक्त बापाकडून येते. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाला १,०२४ पूर्वजांच्या जागा भरायच्या असतात. त्यातल्या एकाच रेषेची नोंद गोत्र ठेवते, बाकीच्या १,०२३ जागांबद्दल ते मुके असते. म्हणून कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यातला, तीनशे वर्षांत कुठलाही संबंध न आलेला मुलगा केवळ सगोत्र म्हणून नाकारला जाई. १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहातली अडचण दूर केली, तरी मनातली गेली नाही. उलट मामाची मुलगी गोत्राने नेहमीच वेगळी, म्हणून ती बिनधोक ठरते. प्रत्यक्षात तिच्यात आणि आतेभावात आठवा हिस्सा जनुके सारखी असतात, मामा-भाचीत तर चौथा हिस्सा.

आकडा मांडून पाहू. समजा एका तरुणात एखाद्या अप्रभावी आजाराची एक प्रत आहे, आणि समाजात दर शंभरात एक जण त्याचा वाहक आहे. त्याने त्याच समाजातल्या परक्या मुलीशी लग्न केले तर तीही वाहक असण्याची शक्यता शंभरात एक. दोघेही वाहक असले की मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे एकूण चारशेत एक. मामेबहिणीशी केले तर मूल आजारी होण्याची शक्यता सुमारे बत्तीसात एक. मामाने भाचीशी केले तर सोळात एक. धोका एवढा वाढतो.

तरीही या वाढीचे भय वाटेल तसे फुगवू नये. अ‍ॅलन बिटल्स आणि मायकेल ब्लॅक यांनी २०१० मध्ये अनेक देशांतल्या नोंदी एकत्र केल्या. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या मुलांत बालवयातल्या मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे साडेतीन टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणजे नात्यात लग्न केलेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात. श्रीपेरुंबुदूरच्या त्याच महामार्गावरच्या वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या राव आणि इनबराज यांनी १९७० च्या दशकात हजारो तमिळ कुटुंबे पाहिली. नात्यातल्या लग्नांचा अपेक्षेएवढा दुष्परिणाम त्यांना दिसला नाही. शतकानुशतके अशीच लग्ने झाल्याने काही घातक जनुके आपोआप गळून गेली असावीत, असा त्यांचा तर्क होता. तो खरा मानला, तरी गळून जाणे म्हणजे त्या त्या पिढीतली लेकरे दगावणे, हे विसरून चालणार नाही.

इतके झाल्यावर सहज वाटते, की नात्यात लग्न टाळले म्हणजे प्रश्न मिटला. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. विदर्भात, खानदेशात सिकलसेल या रक्ताच्या अप्रभावी आजाराचे वाहक काही समाजांत दर दहात एक किंवा त्याहून अधिक आहेत. तिथे मघाचेच गणित मांडले, तर वाहक तरुणाने नात्याबाहेरची, पण समाजातलीच मुलगी केली तरी मूल आजारी होण्याची शक्यता चाळिसात एक येते. मामेबहीण टाळून त्याने धोका निम्म्यावर आणला, पण तो संपवला नाही. आपला समाज हाच एक मोठा नातेवाईकांचा गोतावळा असतो, नाते फक्त लक्षात राहिलेले नसते. अशा ठिकाणी रक्त तपासण्याला पर्याय नाही.

सिकलसेलचा भारतातला शोध १९५२ चा. हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांना तो निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींत, म्हणजे तमिळनाडूतच, प्रथम आढळला. एका जनुकात एका जागी बदल होतो, हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, आणि प्राणवायू कमी पडला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मग हाडांत असह्य वेदनांचे झटके येतात, प्लीहा खराब होते, जंतुसंसर्ग जिवावर बेततो. एकच प्रत असलेल्या वाहकाला मात्र यातले सहसा काही होत नाही, उलट मलेरियापासून त्याला थोडे संरक्षण मिळते. ज्या जंगलपट्ट्यांत मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हे जनुक टिकून राहिले, ते या उपकारामुळे. विदर्भातल्या गावांत लोक आता ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे सराईतपणे बोलतात. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक न कळल्याने कितीतरी मुलींची लग्ने मोडतात.

त्याच १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ शोधला. तोही अप्रभावी वाटेनेच येतो. ज्याला तो मिळतो तो माणूस आजारी नसतो, फक्त त्याला रक्त लागले तर त्याच गटाचे शोधावे लागते. अप्रभावी या शब्दाची धास्ती घेणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या जनुकांत अशा काही निकामी प्रती असतातच, अगदी गोत्र-पत्रिका निष्कलंक असलेल्यांच्याही.

मुंबईतच डॉ. भीमसेन सिंघल यांना अगरवाल समाजातल्या काही मुलांत डोके मोठे आणि मेंदूतल्या पांढऱ्या भागाची हानी असलेला एक अप्रभावी आजार दिसला. १९९६ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला, आणि पुढे त्यामागचा समान पूर्वजाचा बदलही सापडला. दक्षिणेतल्या वैश्य समाजात एका विकराचा अभाव अप्रभावी वाटेने येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारे एक नेहमीचे औषध अशा माणसाला दिले, तर त्याचा श्वास बराच वेळ परत येत नाही. म्हणून तिथले जाणकार भूलतज्ज्ञ त्याबद्दल आधी विचारून घेतात. समाजाचे नाव घेऊन बोलणे इथे प्राण वाचवण्यासाठी असते, कलंक लावण्यासाठी नाही.

प्रभावी आजारांचे दुःख निराळे आहे. तिथे गोत्र, नाते, समाज यांपैकी काहीही टाळून उपयोग नसतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असला की प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. २००५ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात डॉक्टरांनी एका तमिळ समाजात स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया या आजाराचा पहिला प्रकार फार मोठ्या प्रमाणात असल्याचे नोंदवले. मेंदूचा मागचा छोटा भाग हळूहळू झिजतो, चालताना तोल जातो, जीभ जड होते, गिळताना ठसका लागतो. डीएनएमध्ये तीन अक्षरांचा एक तुकडा प्रमाणापेक्षा जास्त वेळा गिरवला जातो आणि त्यातून मज्जापेशींना विषारी ठरणारे प्रथिन तयार होते. पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून आला तर, हा तुकडा आणखी लांबतो आणि आजार लवकर सुरू होतो. या आजाराची क्रूरता त्याच्या वेळेत आहे. लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीत दिसू लागतात. तोवर लग्न झालेले असते, मुले शाळेत जात असतात, आणि त्या प्रत्येक मुलासाठी नाणे आधीच हवेत उडवले गेलेले असते.

ज्याला स्वतःला अजून काही झालेले नाही, त्याने ही तपासणी करावी का? अमेरिकेतल्या नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हंटिंग्टन हा असाच प्रभावी आजार होता. व्हेनेझुएलातल्या मारकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांमध्ये वेक्सलर वर्षानुवर्षे राबल्या, आणि त्या कामातून या जनुकाचा ठावठिकाणा १९८३ मध्ये व जनुक स्वतः १९९३ मध्ये सापडले. तपासणी शक्य झाली, तरी स्वतःबद्दल त्यांनी अनेक वर्षे जगाला काही सांगितले नाही. आपल्यालाही आजार आहे, हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले. उपाय नसलेल्या आजाराचे भाकीत जाणून घ्यायचे की नाही, हा निर्णय फक्त त्या माणसाचा. सासरच्यांचा नाही, मालकाचा नाही, विमा कंपनीचा तर मुळीच नाही.

विमा कंपनीचा उल्लेख उगीच केलेला नाही. हृदयाचे स्नायू जाड करणारा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी हा आजार बहुधा प्रभावी वाटेने येतो. तो असलेल्या एका विमाधारकाचा दावा ‘आनुवंशिक आजार’ या सबबीवर नाकारला गेला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात अशी सरसकट सबब भेदभावाची ठरवली. पण जनुकीय भेदभावाला मनाई करणारा स्वतंत्र कायदा भारतात अजूनही नाही. अमेरिकेने तो २००८ मध्ये केला. श्रीपेरुंबुदूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात लग्नाच्या वयाची हजारो मुले-मुली एकत्र काम करतात, वसतिगृहांत राहतात. तपासणीची मोहीम तिथेच राबवावी, असे कुणालाही वाटेल. ते होऊ देऊ नये. नोकरी देणाऱ्याच्या दवाखान्यात जनुकाचा अहवाल गेला, की तो कुठवर जाईल याची कसलीही हमी आज कामगाराकडे नाही. ही तपासणी सरकारी रुग्णालयात, महाविद्यालयाच्या आरोग्य शिबिरात किंवा खाजगी डॉक्टरकडे व्हावी, आणि अहवाल फक्त त्या व्यक्तीच्या हातात पडावा.

तपासणी चुकीच्या रीतीने केली तर काय होते, याचा धडा ग्रीसमधल्या ओर्कोमेनोस गावाने दिलेला आहे. तिथे दर चारांतला जवळपास एक जण सिकलसेलचा वाहक होता. १९७० च्या सुमारास संशोधकांनी सगळ्यांचे रक्त तपासून सल्ला दिला, की वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये. गावाने त्याचा अर्थ असा घेतला, की वाहकांशी कोणीच लग्न करू नये. मग लोक अहवाल लपवू लागले, आणि वाहकांची आपापसातली लग्ने जशी व्हायची तशीच झाली. सायप्रसने वेगळी वाट धरली. थॅलेसेमिया या रक्ताच्या अप्रभावी आजाराने तिथल्या रक्तपेढ्या पुरेनाशा झाल्या होत्या. लग्नाआधी रक्ततपासणी झाल्याचा दाखला चर्चनेही मागायला सुरुवात केली, पण लग्नाला कोणी मनाई केली नाही. दोघेही वाहक निघालेल्या जोडप्यांनी बहुतेक वेळा लग्न केलेच, आणि गर्भाची तपासणी करून पुढचा निर्णय घेतला. थॅलेसेमिया घेऊन जन्मणारी मुले तिथे जवळजवळ थांबली.

आपल्या देशाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य आहे. तपासलेल्यांना कार्डे दिली जातात. ही कार्डे पत्रिकेसारखी जुळवून पाहावीत, असे आवाहनही झाले. हेतू चांगला आहे, पण यात ओर्कोमेनोसचा धोका आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कार्ड वाटण्याआधी ते समजावून सांगणारा माणूस गावात हवा. जनुकीय समुपदेशन हे काम दहा मिनिटांत, रांगेत उभे करून होत नाही. मुलीचे कार्ड मागायचे आणि मुलाचे विचारायचे नाही, हा प्रकार तर सहज होईल, कारण आपल्याकडे चौकशीचे ओझे नेहमी मुलीवरच पडते.

खरे तर अप्रभावी आजारासाठी एकट्या आईला जबाबदार धरणे अशास्त्रीय आहे. दोन्ही प्रती निकामी झाल्याशिवाय आजार होत नाही, आणि त्यातली एक वडिलांकडूनच आलेली असते. तरीही आजारी मूल झाले की ‘हिच्या पायगुणाने’ म्हणणारी घरे आजही आहेत. दुसरा एक गैरसमज त्याहून घातक ठरतो. चारात एक ही शक्यता ऐकून जोडपी समजतात, की पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुखरूप. तसे नसते. प्रत्येक गर्भारपणात ती शक्यता पुन्हा पहिल्यापासून चारात एक असते. या एका वाक्याच्या अज्ञानातून एकाच घरात थॅलेसेमियाची दोन-दोन मुले आलेली असतात. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, साचणारे लोह काढण्याची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि आईवडिलांची उमेदीची वर्षे रक्तपेढीच्या बाकावर जातात.

कोणी विचारील, की हा अपंगत्व नको म्हणण्याचा, माणसे निवडण्याचा रस्ता तर नव्हे? हा प्रश्न गंभीर आहे आणि तो विचारत राहिलाच पाहिजे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया असलेल्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हक्क दिलेले आहेत. तपासणीची मोहीम चालवताना त्यांच्या रक्ताची, औषधांची, नोकरीतल्या सवलतींची तरतूद कमी झाली, तर मोहीम खोटी ठरेल. आज जगणाऱ्या रुग्णाची किंमत कमी करून उद्याचा रुग्ण टाळता येणार नाही.

जातीबाहेर लग्न केले तर अप्रभावी आजारांचा धोका पुष्कळ घटतो, हे जनुकशास्त्र सांगते. आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार त्यासाठी करावा असे नाही. समतेसाठी तो तसाही करायला हवा. पण ‘शुद्ध रक्ताचा’ अभिमान सांगणाऱ्यांनी हेही ऐकावे, की ज्या वर्तुळात त्यांनी रक्त बंदिस्त ठेवले, त्याच वर्तुळात त्यांच्या नातवंडांचे आजार साठत गेले.

ही वर्तुळे मोडतील तेव्हा मोडतील, तोवर निदान एवढे व्हावे. महाराष्ट्र सरकारने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक नेमावा, गडचिरोली आणि नंदुरबारपासून सुरुवात करून. गर्भवतीची पहिली रक्ततपासणी होते तेव्हाच हिमोग्लोबिनच्या प्रकाराचीही तपासणी सक्तीने व्हावी, आणि ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याला बोलावावे, म्हणजे गर्भतपासणीची वेळ हातातून जाणार नाही. जनुकीय भेदभावाविरुद्धचा कायदा संसदेने करावा. आणि ज्यांच्या घरी या वर्षी लग्न ठरणार आहे, त्यांनी साखरपुड्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही सिकलसेल व थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्यावी. नात्यात ठरत असेल तर जनुकतज्ज्ञाला एकदा भेटावे. अहवाल त्या दोघांनीच उघडावा, आणि एक जण वाहक निघाला तर बैठक मोडू नये, कारण त्यात मोडण्यासारखे काहीही नाही.